पॅकेज गेलं, फायली राहिल्या: नागपूरच्या एका छापखान्यातलं प्रकरण

तक्रार एका अक्षराची होती. नागपूरच्या महाल भागातला एक छापखाना. लग्नपत्रिका, वास्तूची निमंत्रणं, तेरवीची कार्डं असं तिथलं काम. ऐन लग्नसराईत डिझाइन करणाऱ्या ताईंनी एका पत्रिकेचं प्रूफ काढलं आणि नवरदेवाच्या नावावर त्यांची नजर अडली. 'शैलेश' छापून आलं होतं, पण त्यातला 'ल' हिंदी पुस्तकातला आणि दोन्ही 'श'सुद्धा तसेच. "भाऊ, हा ल आपला नाही जी," असं मालकांना सांगून त्यांनी प्लेट थांबवली.

नागपुरात हा फरक पटकन ओळखू येतो. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषिक प्रांताची राजधानी होतं आणि आजही एकाच टेबलावर सकाळी हिंदी पत्रिका आणि दुपारी मराठी पत्रिका लागते. हिंदी 'ल'ला उजव्या बाजूला उभा दंड असतो. मराठी 'ल'चे दोन्ही गोल मधल्या देठाला धरून असतात. 'श'चं वळणही वेगळं. ज्यांच्या हाताखालून दोन्ही रोज जातात, त्यांना चूक लांबूनही दिसते. मराठी वर्णमालेचा नमुना राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ठरवून दिला आहे. पण छापखान्यातल्या माणसाला शासन निर्णयाची गरज नसते. वधूपित्याला आपल्या घरचं नाव आपल्या अक्षरात हवं असतं, एवढं त्याच्यासाठी पुरेसं आहे.

मी अशा छोट्या दुकानांचे संगणक सांभाळतो, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. ते इथे पूर्ण लिहून ठेवतोय, कारण वरून फॉन्टचा दिसणारा हा प्रश्न आत एकाच गोष्टीवर अडकला होता: एखाद्या सॉफ्टवेअरने संगणकावर नेमक्या कोणत्या फायली टाकल्या, हे शोधायचं कसं? आणि त्याची जी यादी मिळते ती पूर्ण असते का?

मजकूर तोच, रूप वेगळं

आधी एक तांत्रिक बाब. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हिंदी 'ल' आणि मराठी 'ल' वेगळे नाहीत. दोघांचा क्रमांक एकच, ०९३२. 'श'चा ०९३६. म्हणजे मजकूर कितीही वेळा तपासा, कॉपी करून दुसरीकडे टाका, शोधा-बदला करा, हाती काही लागणार नाही. फरक फॉन्टच्या पोटात असतो. चांगल्या ओपनटाइप फॉन्टमध्ये 'लोकल' नावाची सोय असते. मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की फॉन्ट तीच अक्षरं मराठी वळणात दाखवतो. या छापखान्यात नोटो सान्स देवनागरी वापरतात आणि त्यात ही सोय आहे. संगणकांची भाषाही मराठी ठेवलेली आहे, त्यामुळे इंकस्केप या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये पत्रिका उघडली की मराठी 'ल' आपोआप यायचा. इतके महिने येतही होता.

म्हणून पहिला प्रश्न असा: आता छापून येतोय तो फॉन्ट खरंच नोटो आहे का? याचं उत्तर पीडीएफमध्येच मिळतं. 'पीडीएफफॉन्ट्स' ही आज्ञा पीडीएफमध्ये कोणते फॉन्ट जडवले आहेत ते दाखवते. मागच्या महिन्यातल्या पीडीएफवर चालवली तर सहा अक्षरांचा उपसर्ग, अधिकचं चिन्ह आणि पुढे नोटो सान्स देवनागरी. नव्या पीडीएफवर चालवली तर उपसर्गापुढे भलतंच नाव, कधी न ऐकलेल्या फॉन्टचं. इंकस्केपच्या पट्टीवर मात्र अजूनही 'नोटो सान्स देवनागरी' असंच लिहिलेलं.

म्हणजे मागितलं एक आणि मिळालं दुसरं. दुकानातले संगणक लिनक्स या प्रणालीवर चालतात आणि तिथे ही देवघेव फॉन्टकॉन्फिग करतो. प्रोग्राम त्याच्याकडे नाव घेऊन जातो आणि तो फाइल काढून देतो. त्याला थेट विचारायची आज्ञा 'एफसी-मॅच'. नावापुढे भाषाही सांगता येते, म्हणून 'नोटो सान्स देवनागरी', भाषा 'एमआर' (मराठी), असं विचारलं. उत्तरात तेच अनोळखी नाव. दुकानात मागे प्रूफ काढण्यासाठी आणखी एक मशीन आहे, त्याच उबुंटू २२.०४ वरचं (उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार). तिथे हाच प्रश्न विचारला तर नोटो. आता तुलना करायला एक आजारी आणि एक धडधाकट अशी दोन मशिन्स हाती होती. अशा कामात यापेक्षा मोठी सोय नाही.

दोन्हीकडे पॅकेजं तीच

ताईंचा संशय आधीपासून एका गोष्टीवर होता. पंधरवड्यापूर्वी मालकांनी जीएसटीची बिलं काढण्यासाठी एक नवं बिलिंग सॉफ्टवेअर आणलं होतं. कंपनीने डेब फाइल (उबुंटूवर सॉफ्टवेअर टाकण्याची गठडी, म्हणजेच पॅकेज) दिली आणि ती काउंटरच्या आणि डिझाइनच्या मशीनवर टाकली गेली. अक्षर बिघडल्यावर ताईंनी ते डिझाइनच्या मशीनवरून मेनूतून काढूनही टाकलं. "काढून टाकलं ना मी, तरी तसंच दाखवून राहिलं," असं त्या म्हणाल्या. आणि इथेच सगळ्यांचा संशय त्या सॉफ्टवेअरवरून उठला. काढल्यावरही फरक नाही म्हणजे दोष त्याचा नाही, असा सरळ हिशेब.

मी दोन्ही मशिन्सवरच्या पॅकेजांच्या याद्या काढल्या आणि 'डिफ' या तुलनेच्या आज्ञेने ताडून पाहिल्या. फॉन्टशी दूरचंही नातं असलेला एकही फरक नव्हता. डेबियन घराण्याच्या (उबुंटू त्यातलंच) हिशेबी दोन्ही संगणक सारखे होते. पण दोघांचं वागणं वेगळं होतं, त्यामुळे कुठेतरी फायलींत फरक असणारच. पॅकेजांची यादी सारखी आणि फायली वेगळ्या, असं दिसलं की समजावं, एखादी फाइल हिशेबाबाहेर पडलेली आहे.

पॅकेजकडून फाइलीकडे

डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजं टाकायचं-काढायचं काम डीपीकेजी करतं. पॅकेजने काय टाकलं हे विचारायची आज्ञा 'डीपीकेजी -एल', पुढे पॅकेजचं नाव. यातला एल कॅपिटल हवा. स्मॉल एल दिला तर फायली येत नाहीत, पॅकेजांची यादी येते. या एका अक्षरावर नवखी माणसं नेहमी अडखळतात. ही यादी कुठल्या जादूने येत नाही. '/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो' या फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजच्या नावाची एक साधी मजकूर फाइल असते, शेवटी 'लिस्ट'. आज्ञा तीच वाचून दाखवते. शेजारी 'एमडी५सम्स' नावाची फाइल असते, त्यात फायलींचे ठसे. 'कॉन्फफाइल्स' असेल तर त्यात सेटिंगच्या फायली. आणि काही पॅकेजांच्या 'पोस्टइन्स्ट', 'प्रीआरएम', 'पोस्टआरएम' या स्क्रिप्ट, म्हणजे पॅकेज टाकल्यावर, काढण्याआधी आणि काढल्यावर आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फायली. या फोल्डरमध्ये कधी गेला नसाल तर एकदा जाऊन या. काही बदलू नका, नुसतं वाचा.

मी यायच्या आधी दुकानातल्या एका मुलाने ही आज्ञा चालवली होती. त्याने विचारलं 'फॉन्ट्स-नोटो'बद्दल आणि उत्तरात आलं ते एवढंच: '/यूएसआर/शेअर/डॉक'मधला एक फोल्डर, त्यात परवान्याची फाइल आणि बदलांची नोंद. एकही फॉन्ट नाही! त्याने समजूत करून घेतली की फॉन्टच उडाले, आणि सगळं पुन्हा इन्स्टॉल केलं. यात त्याचा दोष नाही. 'फॉन्ट्स-नोटो' हे मेटापॅकेज आहे. स्वतःच्या पोटात काही नाही, फक्त दुसऱ्या पॅकेजांना ओढून आणायचं काम. खरा माल 'फॉन्ट्स-नोटो-कोर' आणि त्याच्या भावंडांत असतो. यादीत फक्त 'डॉक' दिसलं की 'एपीटी-कॅश डिपेंड्स' लावून ते कोणावर विसंबून आहे ते बघायचं आणि त्यांच्या याद्या काढायच्या.

'फॉन्ट्स-नोटो-कोर'ची यादी मागितली तर '/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स/ट्रूटाइप/नोटो' या फोल्डरमध्ये नोटो सान्स देवनागरी जागच्या जागी होता. कोणी आतून बदलला तर नसेल? त्यासाठी 'डीपीकेजी -व्ही', इथेही व्ही कॅपिटल. ही आज्ञा पॅकेजच्या फायलींचे ठसे नोंदीशी जुळवते आणि जी फाइल बदललेली असेल तेवढीच छापते. ती गप्प राहिली. म्हणजे नोटो निर्दोष.

या तपासणीची एक मर्यादा इथेच सांगतो. ती फक्त नोंदीतल्या फायली तपासते. कोणी शेजारी नवी फाइल आणून ठेवली तर तिला काही दिसत नाही.

फाइलीकडून पॅकेजकडे

आता उलट्या दिशेने. 'एफसी-मॅच'कडून सविस्तर उत्तर मागितलं की फाइलीचा पूर्ण पत्ता मिळतो. अनोळखी फॉन्टचा पत्ता निघाला '/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स'मधला.

हा पत्ता वाचूनच मी सावध झालो. '/यूएसआर/लोकल' ही जागा संगणक सांभाळणाऱ्यासाठी राखलेली आहे. डेबियनच्या नियमांप्रमाणे पॅकेजने तिथे फायली ठेवायच्या नसतात. तिथे काही दिसलं तर ते माणसाने हाताने ठेवलेलं असतं, किंवा कोणीतरी नियम मोडलेला असतो. दुकानात विचारलं, कोणीही हाताने ठेवलेलं नव्हतं.

ही फाइल कोणाची, हे विचारायची आज्ञा 'डीपीकेजी -एस', एस कॅपिटल, पुढे पूर्ण पत्ता. उत्तर: या नमुन्याशी जुळणारा कोणताही पत्ता सापडला नाही. फाइल समोर आहे, चालू आहे, रोज पत्रिकांवर छापली जातेय, आणि तिला मालक नाही.

इथे बरेच जण थांबतात. पण 'डीपीकेजी -एस'ला पूर्ण पत्ता द्यावाच लागतो असं नाही. नुसतं फाइलीचं नाव दिलं तर ते ज्या ज्या पत्त्यात येतं ते सगळं ती शोधते. डिझाइनच्या मशीनवर नुसतं नाव देऊनही काही आलं नाही, कारण बिलिंग तिथून काढलेलं. मग काउंटरच्या मशीनवर गेलो, तिथे ते अजून होतं. तिथे तेच नाव दिलं आणि एक ओळ आली. बिलिंगच्या पॅकेजचं नाव आणि त्यापुढे '/ऑप्ट' या, बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठीच्या, फोल्डरमधला पत्ता. म्हणजे कंपनीने फॉन्ट रीतसर आपल्या '/ऑप्ट'मधल्या फोल्डरमध्ये ठेवला होता, आणि नेमकी त्याच नावाची दुसरी फाइल '/यूएसआर/लोकल'मध्ये बेवारस पडली होती. 'सीएमपी'ने दोन्ही ताडून पाहिल्या. एका बाइटचाही फरक नाही. ही तिचीच प्रत.

मग काउंटरवर बिलिंगच्या पॅकेजची पूर्ण यादी काढली. सगळा माल '/ऑप्ट'मध्ये, मेनूत दिसायची एक नोंद, चिन्हाची एक फाइल. यादी स्वच्छ, कोणालाही दाखवावी अशी. '/यूएसआर/लोकल'चा उल्लेखही नाही. मालचलानावर जेवढं लिहिलं तेवढंच उतरलं, हे चलान वाचून कळतं. माल उतरवणाऱ्याने दुकानात शिरून आणखी काय हलवलं ते चलानावर नसतं.

स्क्रिप्ट वाचली

हे हलवणारा म्हणजे पोस्टइन्स्ट. पॅकेज उलगडून फायली जागेवर गेल्या की डीपीकेजी ही स्क्रिप्ट चालवतं आणि ती चालते रूटच्या, म्हणजे संगणकावरच्या सर्वोच्च, अधिकाराने. तिला मशीनवर काहीही करता येतं. बहुतेक पॅकेजं तिचा उपयोग साध्या कामांना करतात: सेवा सुरू करणं, वापरकर्ता तयार करणं, फॉन्टची यादी ताजी करणं. पण तिने तयार केलेली फाइल पॅकेजच्या 'लिस्ट'मध्ये चढत नाही. 'डीपीकेजी -एल'ला ती ठाऊक नसते आणि 'डीपीकेजी -एस'लाही नसते.

'इन्फो' फोल्डरमधून बिलिंगची पोस्टइन्स्ट उघडली. छोटीच होती. तिने दोन कामं केली होती. पहिलं, '/ऑप्ट'मधला फॉन्ट '/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स'मध्ये कॉपी केला. दुसरं, '/ईटीसी/फॉन्ट्स/कॉन्फ.डी'मध्ये दहाच्या आकड्याने सुरू होणारी एक नवी सेटिंग फाइल लिहिली.

खरा घाव या दुसऱ्या फाइलीने घातला होता. तिच्यातला मजकूर सांगत होता: मागणीची भाषा हिंदी किंवा मराठी असेल, तर मागितलेल्या फॉन्टच्या आधी आमच्या फॉन्टचं नाव घाला, आणि ते बळकट धरा. फॉन्टकॉन्फिगच्या भाषेत 'प्रीपेंड' आणि 'स्ट्राँग'. म्हणजे मराठी मजकुरासाठी कोणी कोणताही फॉन्ट मागो, पहिला मान कंपनीच्या फॉन्टला. त्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोयच नव्हती, एकच हिंदी रूप. हिंदी पत्रिकांमध्ये कोणाला फरक जाणवला नाही, कारण तिथे तेच रूप अपेक्षित. काउंटरवरही नाही, कारण तिथे बिलांशिवाय काही छापत नाहीत. बिघाड दिसला तो फक्त मराठी पत्रिका करणाऱ्या टेबलावर.

कंपनीचा हेतू वाईट नव्हता असं मला वाटतं. बिलावर चौकोन यायला नकोत, ग्राहकाचं नाव नीट दिसावं, म्हणून कोणीतरी घाईत हा उपाय केला असावा. पण आपल्या बिलासाठी दुसऱ्याच्या संगणकावरचा प्रत्येक मराठी शब्द बदलायचा हक्क कोणालाच नाही.

आता ताईंचं कोडंही सुटलं. त्यांनी सॉफ्टवेअर काढलं तेव्हा डीपीकेजीने आपल्या यादीतल्या फायली इमानदारीने पुसल्या. '/ऑप्ट' साफ झालं. पण यादीत नसलेल्या दोन फायली तशाच राहिल्या. त्या पुसण्याची जबाबदारी पॅकेजच्या पोस्टआरएम स्क्रिप्टची असते आणि कंपनीने ती लिहिलीच नव्हती. 'रिमूव्ह'ऐवजी 'पर्ज' केलं असतं तरी काही झालं नसतं. 'पर्ज' नोंदवलेल्या सेटिंग फायली काढतो आणि पोस्टआरएमला शेवटची हाक देतो. नोंद नाही, स्क्रिप्ट नाही, तर तो तरी काय पुसणार? शिवाय पॅकेजबरोबर पोस्टइन्स्टही गेल्यामुळे डिझाइनच्या मशीनवर पुरावा काहीच उरला नव्हता. काउंटरवरचं बिलिंग काढलं नव्हतं म्हणून बरं झालं.

आणखी काही राहिलं का?

दोन फायली सापडल्या म्हणजे दोनच होत्या असं नाही. स्क्रिप्ट छोटी होती म्हणून वाचता आली. पण पोस्टइन्स्ट दुसरा प्रोग्राम चालवू शकते आणि तो आत काय करतो ते वाचून कळत नाही. म्हणून वेळेवरून शोध घेतला.

'/व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग'मध्ये प्रत्येक इन्स्टॉलची वेळ सेकंदापर्यंत असते: उलगडायला कधी सुरुवात झाली, कॉन्फिगर कधी झालं. मागच्या महिन्यांचे लॉग आवळून ठेवलेले असतात, ते 'झेडग्रेप'ने वाचायचे. त्या दोन वेळांच्या मधल्या फायली 'फाइंड'ने शोधायच्या.

इथे एक खाचखळगा आहे. फाइलीवर दोन वेळा लिहिलेल्या असतात, ज्यांचा आपण विचार करायला हवा. एक मजकूर बदलल्याची, एमटाइम. दुसरी फाइलीची नोंद बदलल्याची, सीटाइम. पॅकेज उलगडताना डीपीकेजी एमटाइम जुनीच ठेवतं, म्हणजे फाइल कंपनीच्या कारखान्यात बनली तेव्हाची. आज टाकलेल्या फाइलीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसू शकते. 'फाइंड'ला नेहमीच्या सवयीने एमटाइमने शोधायला सांगितलं तर अशा फायली निसटतात. स्क्रिप्टमध्ये वेळ जपून कॉपी केली असेल तर त्याही निसटतात. सीटाइम मात्र फाइल या डिस्कवर आली त्याच्या आधीची नसते आणि ती सहज खोटी करता येत नाही. म्हणून 'फाइंड'ला '-न्यूअरसीटी' देऊन सुरुवातीची वेळ सांगायची, आणि त्याच अटीपुढे नकाराचं चिन्ह लावून शेवटची. शोध '/ईटीसी', '/यूएसआर', '/ऑप्ट' आणि '/व्हार'पुरता ठेवायचा. '/प्रॉक' आणि '/सिस'मध्ये गेलात तर नुसता कचरा येतो.

जे निघालं त्यातून पॅकेजच्या यादीतल्या फायली वजा केल्या. उरल्या त्या फॉन्टकॉन्फिगच्या कॅशच्या फायली, डीपीकेजीच्या स्वतःच्या नोंदी, मेनूची कॅश आणि आपल्या त्या दोन. तिसरी कोणी नव्हती. 'एफसी-कॉन्फलिस्ट' ही आज्ञा फॉन्टकॉन्फिगने वाचलेल्या सगळ्या सेटिंग फायली दाखवते. तीही दोन्ही मशिन्सवर ताडून पाहिली. फरक एकाच ओळीचा.

दुरुस्ती

फायली पुसल्या नाहीत, फक्त सेटिंगची फाइल '/ईटीसी/फॉन्ट्स'मधून बाहेर एका वेगळ्या फोल्डरमध्ये नेली. फॉन्टची नोंद नव्याने बनवणारं 'एफसी-कॅश -एफ' चालवलं आणि 'एफसी-मॅच'ला पुन्हा विचारलं: नोटो सान्स देवनागरी. इंकस्केप बंद करून उघडलं, पत्रिका उघडली. 'शैलेश' आपल्या वळणावर आला. नवी पीडीएफ काढून 'पीडीएफफॉन्ट्स'ने पाहिली, तिथेही नोटो.

फॉन्टची प्रत मात्र '/यूएसआर/लोकल'मध्येच राहू दिली. तिथे ती बेकायदा आली असली तरी तिचा उपद्रव नव्हता. बिलिंग तिला नावाने मागतं आणि नावाने मागितल्यावर ती मिळायलाच हवी. काउंटरवरून सेटिंग काढल्यावर एक बिल छापून पाहिलं, ते पूर्वीसारखंच आलं. दोन बेवारस फायलींत दोषी एकच होती. दोन्ही एकदम उडवल्या असत्या तर पत्रिका सुधारली असती आणि बिलं बिघडली असती.

दुसऱ्या घराण्यांत

फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यात 'आरपीएम -क्यूएल' फायलींची यादी देतं आणि 'आरपीएम -क्यूएफ' फाइलीचा मालक सांगतं. 'आरपीएम -क्यू --स्क्रिप्ट्स' दिलं की इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टही समोर येतात. ही सोय मला फार आवडते. आरपीएममध्ये 'घोस्ट' म्हणून एक प्रकारही आहे: जी फाइल पॅकेजात नाही पण पुढे तयार होणार आहे, तिचीही मालकी आधीच लिहून ठेवता येते. आर्चमध्ये 'पॅकमन -क्यूएल' आणि 'पॅकमन -क्यूओ'. पायथनच्या पिपमध्ये 'शो -एफ', जो 'रेकॉर्ड' नावाच्या फाइलीतून वाचतो. स्नॅपचा माल '/स्नॅप'खाली फक्त वाचता येणाऱ्या डब्यात असतो. आणि सॉफ्टवेअर मूळ कोडमधून स्वतः बांधून 'मेक इन्स्टॉल' केलं असेल तर बहुधा नोंदच नसते. सीमेकने बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या बांधणीच्या फोल्डरमध्ये 'इन्स्टॉल_मॅनिफेस्ट' नावाची फाइल मिळते, पण तो फोल्डर जपून ठेवला असेल तरच.

अजून न टाकलेल्या, पण उबुंटूच्या भांडारात असलेल्या पॅकेजात काय आहे ते 'एपीटी-फाइल' सांगतं. त्याची सूची आधी ताजी करून घ्यावी लागते.

छापखान्यात आता काय करतात

बाहेरची डेब फाइल आली की ती टाकण्याआधी दोन आज्ञा चालतात. 'डीपीकेजी -सी' आतल्या फायलींची यादी दाखवतं. 'डीपीकेजी-डेब -आय', आय कॅपिटल, पुढे डेब फाइल आणि मग 'पोस्टइन्स्ट' हा शब्द दिला की स्क्रिप्ट पडद्यावर छापली जाते. काही इन्स्टॉल होत नाही. ताई ती स्क्रिप्ट स्वतः वाचतात. सगळं कळत नाही, पण 'सीपी' कुठे आहे, '/ईटीसी' कुठे आलंय, '/यूएसआर/लोकल'ला कोण हात लावतंय, एवढं त्यांना आता दिसतं आणि तेवढं पुरतं. प्लेटला पाठवण्याआधी प्रत्येक पीडीएफवर 'पीडीएफफॉन्ट्स' चालतं, आणि यादीत नोटोशिवाय देवनागरीचं दुसरं नाव दिसलं तर काम पुढे जात नाही.

कंपनीला मी सगळं लिहून पाठवलं. सेटिंग फाइल कोणती, कोणत्या ओळीने काय होतं, आणि फॉन्ट आपल्याच प्रोग्राममध्ये नावाने मागितला तर हे सारं करावं लागणार नाही. काही आठवड्यांनी बिलिंगची नवी आवृत्ती आली. ताईंनी ती आधी उघडून वाचली. फॉन्टकॉन्फिगमध्ये लिहिणारी ओळ गेली होती. फॉन्टची प्रत अजूनही '/यूएसआर/लोकल'मध्येच जात होती आणि पोस्टआरएम अजूनही नव्हती. मालकांनी विचारलं, टाकायची का? प्रतीचा त्रास नाही, हे आधी तपासलेलं होतं. म्हणून तिचा पत्ता मशीनच्या वहीत लिहून घेतला, पुढे कधी बिलिंग काढलं तर ती हाताने पुसायची अशी नोंद केली आणि आवृत्ती टाकली.